बहारीनच्या किल्ल्याखालची शहरं

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत असं घर क्वचितच सापडेल, ज्यातला कुणी ना कुणी आखातात राहून आला नाही. दुबई, दोहा, कुवेत, मस्कत ही नावं आमच्याकडे चिपळूण-महाडइतकीच घरगुती आहेत. बहारीनही त्यातलंच. तिथं नोकरी करणारी आपली माणसं सुट्टीच्या दिवशी मनामापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका किल्ल्यावर जातात, संध्याकाळच्या उन्हात फोटो काढतात आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. खाली लिहिलेलं असतं, ‘पोर्तुगीज किल्ला.’ टॅक्सीवालाही हेच सांगतो. जुन्या अरबी बोलण्यातही त्याला ‘कलअत अल-बुर्तुगाल’ म्हणत आले आहेत. अधिकृत नाव मात्र आहे ‘कलअत अल-बहरैन’, म्हणजे बहारीनचा किल्ला.

मी हा किल्ला दोनदा पाहिला. दोन्ही वेळा असं वाटलं की, या नावानं त्या जागेवर फार अन्याय केला आहे. पोर्तुगीजांचा इथला अंमल १५२१ ते १६०२, म्हणजे ऐंशी वर्षांचा. त्यातही मध्ये मध्ये तुटलेला. ज्या टेकाडावर हा किल्ला उभा आहे, तिथं माणूस इसवी सनपूर्व २३०० च्या सुमाराला राहायला आला होता. म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांच्या वस्तीपैकी शेवटच्या ऐंशी वर्षांनी सगळ्या जागेवर आपलं नाव लावून टाकलं आहे.

हे टेकाड नैसर्गिक नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्याकडे देशावरच्या गावात ‘पांढरी’ असते. गावठाणाची पांढरट, राखाडी मातीची उंचवट्याची जागा. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यानपिढ्या घरं पडतात, भिंतींची माती तिथंच बसते, चुलीची राख, फुटकी मडकी, हाडं त्यात मिसळतात आणि त्याच्यावर नवं घर उभं राहतं. गाव असंच हळूहळू वर चढत जातं. अरबीत अशा टेकाडाला ‘तल्ल’ म्हणतात. बहारीनची ही पांढरी साधारण ३०० मीटर बाय ६०० मीटर, म्हणजे साडेसतरा हेक्टरची आहे आणि बारा मीटर उंच. चार मजली इमारतीइतकी उंची निव्वळ माणसांच्या राहण्यानं तयार झाली.

किल्ल्याच्या भिंतीखाली काय असेल, हा प्रश्न मुळात किल्ल्यावरून पडलाच नव्हता. तो पडला थडग्यांवरून. बहारीन बेटावर हजारो दफन-टेकड्या आहेत. नजर जाईल तिथवर मातीचे गोल उंचवटे. त्यातल्या बऱ्याचशा आता वस्ती आणि रस्त्यांखाली गेल्या. उरलेल्यांपैकी अकरा हजारांहून अधिक टेकड्यांचा समूह २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. जुन्या अभ्यासकांचा एक मोठा गट म्हणत होता की, एवढ्याशा बेटावर एवढी माणसं राहणं शक्य नाही. किनाऱ्यावरचे लोक आपली प्रेतं इथं आणून पुरत असावेत. म्हणजे बेट म्हणजे निव्वळ कबरस्तान.

जेफ्री बिबी नावाच्या इंग्रज माणसाला हे पटलं नाही. तो एका तेल कंपनीच्या नोकरीत १९४७ ते १९५० या काळात बहारीनला राहिला होता. मेलेली माणसं इतकी आहेत, तर जिवंत असताना ती राहत कुठं होती? इतका साधा प्रश्न. नोकरी संपवून तो डेन्मार्कला गेला, तिथल्या आरहुस शहरातल्या संग्रहालयाचे पी. व्ही. ग्लोब यांना त्यानं हे कोडं सांगितलं, आणि १९५३ च्या अखेरीस हे दोघं बहारीनला येऊन थडकले. पुढच्याच वर्षी किल्ल्याच्या टेकाडावर कुदळ पडली. डॅनिश मंडळींचं हे काम १९७२ पर्यंत चाललं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी फ्रेंच पथक आलं आणि १९८७ पासून बहारीनचे स्वतःचे पुरातत्त्वज्ञ त्यात आहेत.

त्यांच्या आधी एक दुवा सापडला होता, आणि तो मला फार आवडतो, कारण तो मशिदीत सापडला. १८७९ च्या सुमारास कॅप्टन ड्युरँड हा ब्रिटिश अधिकारी बेटावरच्या पुराण्या वस्तूंची पाहणी करत होता. बिलाद अल-कदीम या जुन्या वस्तीतल्या एका मशिदीत त्याला एक काळा दगड दिसला. त्यावर कीलाकार लिपी होती, म्हणजे इराकातल्या प्राचीन लोकांची, ओल्या मातीत बोरूनं खुणा उमटवून लिहायची ती लिपी. मजकूर छोटा होता : हा रिमुम नावाच्या माणसाचा वाडा, जो इन्झाक देवाचा सेवक आहे. हेन्री रॉलिन्सन यांनी तो वाचला आणि सुमेरी लेखांत ज्या ‘दिलमुन’ देशाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, तो देश म्हणजे हेच बेट, असा निष्कर्ष काढला. इन्झाक हा दिलमुनचा मुख्य देव. त्याच्या भक्ताचा शिलालेख शतकानुशतकं नमाजींच्या सोबतीनं टिकून राहिला; ज्यांनी तो तिथं ठेवला असेल, त्यांना बहुधा तो एक बरा काळा दगड एवढाच वाटला असणार. पुढे तो इंग्लंडला गेला आणि तिथं हरवला. आज त्याची चित्रं उरली आहेत. मशिदीत जो टिकला, तो लंडनच्या वाटेला लागल्यावर गेला, एवढीच यावरची माझी टिप्पणी.

दिलमुनबद्दल सुमेरी कथांमध्ये मोठं आकर्षण दिसतं. ती पवित्र, निर्मळ भूमी आहे; तिथं सिंह कुणाला मारत नाही, म्हातारपण नाही, आजार नाही. फक्त पाणी नव्हतं, मग एन्की या देवानं जमिनीखालचं गोडं पाणी वर आणलं. ही कथा निव्वळ कल्पना नाही. बहारीनच्या जमिनीत आणि अगदी समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे कातडी पखाल घेऊन खाऱ्या पाण्यात बुडी मारत आणि गोडं पाणी भरून वर येत. ‘बहरैन’ या नावाचा अर्थच दोन समुद्र. कुरआनात दोन समुद्रांचा, एक गोड आणि एक खारट, त्यांच्यातल्या आडपडद्याचा जो उल्लेख येतो, त्याच्याशी लोक हे नाव जोडतात. तो जोड भाषाशास्त्रात टिकेल की नाही हे वेगळं. पण या बेटावर उभं राहिलं की जोडावासा वाटतो, हे खरं. आता तेलाच्या आणि टोलेजंग इमारतींच्या काळात बहुतेक झरे आटले आहेत.

किल्ल्याखाली बिबी आणि ग्लोब यांना एक नव्हे, एकावर एक रचलेली सहा शहरं मिळाली. त्यांनी त्यांना सरळ आकडे दिले, शहर पहिलं, शहर दुसरं असे. यातलं दुसरं शहर मला सगळ्यात जवळचं वाटतं. इसवी सनपूर्व २००० च्या आगेमागे त्याभोवती दगडी तट उभा राहिला. हा दिलमुनचा भरभराटीचा काळ. याच सुमाराला जवळच बारबार इथं मोठं देवालय बांधलं गेलं, त्यात झऱ्याच्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत.

तर या दुसऱ्या शहराच्या समुद्राकडच्या तटाजवळ उत्खननात दगडाची काही वजनं मिळाली. गुळगुळीत घासलेले छोटे घन. उत्खननकर्त्यांनी ती तोलून पाहिली. अपेक्षा अशी की, शेजारी इराक आहे, मोठा व्यापार त्यांच्याशी, तेव्हा वजनं त्यांच्या पद्धतीची असतील. निघाली सिंधू संस्कृतीची. मोहेंजोदडो, हडप्पा आणि लोथल इथं जी मापं वापरात होती, तीच. १३.७ ग्रॅमच्या आसपासचं एकक आणि त्याच्या पटी.

यावर थोडं थांबायला हवं. बाजारात कुणाची वजनं चालतात, यावरून बाजार कुणाच्या कलानं चालतो ते कळतं. आपल्याकडेही शेर, पायली, मण यांची मापं गावोगावी वेगळी होती आणि तालुक्याच्या बाजारात मोठ्या पेठेचंच माप चालायचं. उरच्या मातीच्या पाट्यांवर ‘दिलमुनचं वजन’ असा स्वतंत्र उल्लेख येतो. एका पाटीवर तर तांब्याचा एकच माल दिलमुनच्या वजनात आणि उरच्या वजनातही नोंदलेला आहे. दोन्हींचं गुणोत्तर काढलं, तर दिलमुनचं माप सिंधूच्या मापाशी जुळतं. इराकातले व्यापारी ज्याला दिलमुनी वजन म्हणत होते, ते मुळात आपल्या बाजूचं होतं. म्हणजे बहारीनचे पहिले अडते आधी सिंधूच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करायला शिकले असणार आणि मग पश्चिमेला.

दिलमुन स्वतः फार काही पिकवत नव्हतं. खजूर आणि मोती सोडले, तर सगळं मधल्या दलालीवर. ओमानचं तांबं, सिंधूकडचं लाकूड, हस्तिदंत, लाल अकीक हे सगळं इथून उत्तरेला जायचं आणि तिकडून धान्य, कापड, चांदी यायची. उरमधला एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी याच धंद्यातला. इसवी सनपूर्व १७५० च्या सुमाराची त्याच्या नावची एक तक्रार ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नान्नी नावाचा गिऱ्हाईक त्याला खडसावतोय की, तांबं निकृष्ट पाठवलंस आणि माझ्या माणसाला अपमानित केलंस. समाजमाध्यमांवर आजकाल त्या पाटीचे विनोद चालतात. पण तो माणूस ज्या बंदराला जहाज पाठवायचा, ते या टेकाडाच्या पोटात आहे, हे कमी लोकांना ठाऊक असतं. दिलमुनचे गोल, पाठीवर फुगीर गाठ असलेले शिक्के इथं पुष्कळ मिळाले आणि तशाच प्रकारचा एक गोल शिक्का गुजरातेत लोथलला. जहाजं दोन्ही बाजूंनी येत-जात होती.

इसवी सनपूर्व १८०० च्या सुमाराला सिंधूची शहरं ओस पडत गेली. दुसऱ्या शहराची ऐटही त्याच काळात ओसरली. पूर्वेचं गिऱ्हाईक गेलं आणि दुकान बसलं.

तिसरं शहर परक्यांचं. बॅबिलोनवर राज्य करणाऱ्या कासाइट राजांनी बेट ताब्यात घेतलं आणि आपला सुभेदार नेमला. त्यातल्या एकाचं नाव आपल्याला माहीत आहे, इली-इप्पश्रा. त्यानं इराकातल्या निप्पूरला पाठवलेली दोन पत्रं सापडली आहेत. त्यात रडगाणं असं की, टोळीवाल्यांनी खजूर लुटून नेला. सुभेदाराच्या पत्रात राज्यकारभाराऐवजी खजूर यावा, यात नवल नाही. याच काळातली खजुराचा पाक गाळायची खोली उत्खननात मिळाली. जमिनीला समांतर पन्हळी पाडलेल्या, वर खजुराच्या थैल्या रचायच्या; त्यांच्याच भारानं आणि उष्म्यानं रस सुटतो आणि पन्हळीतून खालच्या रांजणात गोळा होतो. अरबीत या खोलीला ‘मदबसा’ म्हणतात, कारण त्या रसाला म्हणतात ‘दिब्स’. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मदबसा आणि आखातातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या घरातली मदबसा शेजारी ठेवली, तर फरक सांगता येणार नाही. राजे आणि देव बदलले, भाषाही बदलली. खजुराचा पाक काढायची रीत तेवढी बदलली नाही.

त्यावरच्या थरातल्या मोठ्या वाड्याच्या फरशीखाली फार विचित्र गोष्ट मिळाली. झाकण लावून पुरलेले मातीचे वाडगे आणि प्रत्येकात वेटोळं केलेल्या सापाचा सांगाडा. काहींत सापाबरोबर एखादा मणी, कुठं मोती. बिबीला इथं गिलगमेशची आठवण झाली. त्या कथेत गिलगमेश अमरत्वाच्या शोधात समुद्राच्या तळाशी बुडी मारून चिरतारुण्याची वनस्पती आणतो आणि साप ती खाऊन टाकतो, म्हणून साप कात टाकून पुन्हा तरुण होतो आणि माणूस मरतो. बुडी मारून आणायची ती वस्तू म्हणजे मोतीच असावा, असा बिबीचा तर्क होता. तर्क मोहक आहे. मी त्यावर पैज लावणार नाही; पण साप आणि मोती एका वाडग्यात कुणी उगाच पुरत नाही. अॅसिरियाचा राजा सारगोन दुसरा याला नजराणा पाठवणारा उपेरी हा दिलमुनचा राजाही साधारण याच काळातला. सारगोनचे लेखक त्याच्याबद्दल लिहितात की, तो समुद्रात माशासारखा दूर राहतो. बेटाकडे पाहायची साम्राज्यांची ही नजर फार जुनी आहे.

मग ग्रीक आले. स्वतः अलेक्झांडर आला नाही, त्याचे दर्यावर्दी येऊन गेले. बेटाला ते ‘टायलॉस’ म्हणू लागले. १९७० मध्ये या थरात जवळपास तीनशे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, अलेक्झांडरच्या नाण्यांच्या धर्तीवर आखाताच्या परिसरातच पाडलेली. या काळाबद्दल पुष्कळ लिहिता येईल. पण मला आपल्या थराकडे यायची घाई आहे.

‘आपल्या’ असं मी लिहिलं खरं, पण त्याच शब्दात गोम आहे. हदीसमध्ये, सीरतच्या पुस्तकांत ‘बहरैन’ आलं की आपण आजच्या नकाशातल्या बेटाकडे बोट दाखवतो. त्या काळी बहरैन म्हणजे बसऱ्याच्या खालपासून ओमानपर्यंतचा अरबस्तानचा सगळा पूर्व किनारा : अल-हसा, कतीफ आणि त्यासमोरचं हे बेट. बेटाचं स्वतःचं नाव होतं ‘अवाल’. प्रेषितांचं (स.) पत्र घेऊन अला अल-हजरमी ज्या मुंझिर इब्न सावाकडे गेले, तो या सगळ्या मुलुखाचा सरदार होता. मदिनेच्या मशिदीनंतर पहिली जुम्याची नमाज ज्या जुवासात झाली, ते गावही समोरच्या किनाऱ्यावर, आज सौदी अरेबियात आहे.

आणि याच बहरैनमधून कोकणचा एक धागा निघतो. बलाजुरीच्या तवारीखमध्ये नोंद आहे. खलिफा उमर (रजि.) यांनी हिजरी १५ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३६ च्या सुमाराला, उस्मान इब्न अबुल आस यांना बहरैन आणि ओमानचा सुभेदार नेमलं. त्यांनी भावाला बहरैनमध्ये ठेवलं, स्वतः ओमानला गेले आणि तिथून एक आरमारी तुकडी पाठवली ती थेट ‘ताना’वर. म्हणजे आपल्या ठाण्यावर. खलिफांना हे कळलं तेव्हा ते संतापले. आपल्या परवानगीशिवाय माणसांना समुद्रावर धाडलं, त्यातलं कुणी दगावलं असतं, तर तुझ्या कबिल्यातून तितकी माणसं वसूल केली असती, असा त्यांचा निरोप होता. शाळेतल्या पुस्तकांत मुसलमानांचं हिंदुस्थानात येणं सिंधवरच्या स्वारीनं सुरू होतं. त्याच्या पाऊणशे वर्षं आधी मदिनेचा खलिफा ठाण्याच्या मोहिमेवरून सुभेदाराची कानउघाडणी करतोय, हे पानही त्याच तवारीखमध्ये आहे. या ओळखीचं कारण उघड आहे. वाट आधीपासून ठाऊक होती. लोथलचा शिक्का आणि टेकाडातली वजनं ज्या वाटेनं गेली, तीच ती वाट.

या मुलुखाच्या मुस्लिम इतिहासात आपल्याला अवघड वाटणारी पानंही आहेत. दहाव्या शतकात अल-हसात कर्मती पंथाचं राज्य होतं. त्यांनी ९३० मध्ये मक्केवर हल्ला करून हजरे अस्वद उचलून आणला आणि वीसहून अधिक वर्षांनी परत केला. बेटही त्यांच्या अमलाखाली होतं. वाजात असली पानं येत नाहीत. जमिनीला मात्र पान गाळता येत नाही.

टेकाडाच्या उत्तर अंगाला, अगदी पाण्याजवळ एक छोटा चौकोनी किल्ला उत्खननात निघाला, चार कोपऱ्यांत चार गोल बुरूज. सुरुवातीला तो इस्लामी काळातला धरला गेला. फ्रेंच पथकाच्या कामानंतर असं मानलं जाऊ लागलं की, तो इस्लामच्या काही शतकं आधी बांधला गेला आणि तेराव्या शतकात मुसलमान व्यापाऱ्यांनी त्याची डागडुजी करून माल ठेवायची वखार केली. तिथं चिनी हिरव्या झिलईच्या भांड्यांचे तुकडे आणि चिनी नाणीही सापडली. म्हणजे दुसऱ्या शहराचा धंदा तीन हजार वर्षांनी पुन्हा सुरू झाला होता, फक्त आता गिऱ्हाईक चीनपर्यंत पसरलं होतं. मला हा पडका चौकोन मोठ्या किल्ल्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. फोटो मात्र कुणी काढत नाही.

आता तो मोठा किल्ला. त्याचा मूळ गाभा पंधराव्या शतकाच्या सुमाराचा, होर्मुझच्या सुलतानांच्या वेळचा. होर्मुझ म्हणजे आखाताच्या तोंडावरचं श्रीमंत बेट-राज्य. मोत्यांसाठी त्यांना बहारीन हवं होतं. पुढे अरबांच्या जबरी घराण्यानं ते त्यांच्याकडून घेतलं. होर्मुझ स्वतः पोर्तुगीजांच्या वर्चस्वाखाली गेल्यावर त्यांनी बहारीनची थकलेली खंडणी वसूल करायला एक संयुक्त फौज पाठवली. १५२१ मध्ये जी लढाई झाली, तिच्यात एका बाजूला अंतोनियो कोरेया हा पोर्तुगीज आणि होर्मुझचे मुसलमान सैनिक होते, दुसऱ्या बाजूला जबरींचा मुकरिन इब्न झामिल. मुकरिन मारला गेला. त्याचं कापलेलं मुंडकं कोरेयानं आपल्या घराण्याच्या ढालचिन्हावर मिरवलं.

त्यानंतरची कथा तर याहून गुंतागुंतीची. पोर्तुगीजांनी होर्मुझच्या वजिराला कैद केलं, म्हणून १५२९ मध्ये बहारीनचा किल्लेदार रईस बद्रुद्दीन उलटला. सिमाँव द कुन्या आरमार घेऊन आला, तोफा लावल्या आणि ऐन वेढ्यात दारू संपली. होर्मुझहून दारू येईपर्यंत तापानं पोर्तुगीजांची माणसं पटापट मेली, स्वतः कुन्याही वाचला नाही. तीस वर्षांनी, १५५९ मध्ये, अल-हसाचा उस्मानी सुभेदार मुस्तफा पाशा किल्ल्याला येऊन भिडला. आत होर्मुझचा मुसलमान किल्लेदार होता. त्याच्या मदतीला पोर्तुगीज गलबतं आली, त्यांनी तुर्कांची जहाजं पकडली आणि वेढा घालणारेच बेटावर अडकले. मुस्तफा पाशा तिथंच मेला. उरलेल्यांनी हत्यारं टाकून, दंड भरून सुटका करून घेतली. तुर्क पुन्हा येतील या धास्तीनं १५६१ मध्ये पोर्तुगीज इंजिनिअर इनोफ्रे द कार्व्हाल्यो यानं आज दिसणारे जाड, कोनदार बुरूज उभे केले. १६०२ मध्ये बेट शाह अब्बासच्या इराणकडे गेलं.

या वेढ्यांकडे ‘मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती’ अशा चष्म्यातून पाहायचा प्रयत्न केला, तर काहीच दिसत नाही. ज्यांनी कोकणचा इतिहास वाचलाय, त्यांना हे नवं नाही. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तचं आणि गुजरातचं आरमार मिळून पोर्तुगीजांना हरवतं. १५७० साली मुर्तझा निजामशाह चौलला वेढा घालून बसतो आणि तह करून परततो. आणि एरवी हेच निजामशाही अधिकारी आणि पोर्तुगीज शेजारी शेजारी राहून जकात गोळा करत असतात. वसईचा कोट, कोर्लईचा किल्ला आणि बहारीनचे हे बुरूज एकाच गोव्याच्या सरकारच्या हुकमतीतले. आणि बहारीनचा तो ‘पोर्तुगीज’ किल्ला त्यांच्या अमलातही बराचसा काळ होर्मुझच्या मुसलमान किल्लेदारांच्या हातात होता.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहायचं कारण आपल्या देशात गेल्या काही वर्षांत ‘खाली काय आहे’ हा प्रश्न ज्या पद्धतीनं विचारला जातोय, ते आहे. खाली जे सापडेल, त्याचा वरच्यावर हक्क, असा सरळ हिशेब. कोर्टात अर्ज, मग पाहणी, मग खणणं. पुरातत्त्व हे जणू तलाठ्याचं दप्तर आहे आणि सगळ्यात खालचा फेरफार तोच खरा. अयोध्येच्या २०१९ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं आहे की, उत्खननातल्या अवशेषांवरून जागेची मालकी ठरवता येत नाही. ते वाक्य फारसं कुणी ध्यानात ठेवलेलं दिसत नाही. हाच हिशेब बहारीनला लावला, तर मालकी कुणाची? इन्झाकच्या भक्तांची? पण त्यांची मापं सिंधूची. कासाइटांची, ग्रीकांची, होर्मुझची, लिस्बनची? किल्ल्यासाठी दगड लागले, तेव्हा खालच्या प्राचीन भिंतींचे चांगले घडीव दगड उपटून वापरले गेले. उत्खननात कित्येक ठिकाणी भिंतीऐवजी भिंत उपटल्याचा चर मिळाला. ते दगड वरच्या भिंतीत आहेत. ते आता खालच्या थरात मोजायचे की वरच्या?

आपल्या लोकांकडूनही एक प्रश्न येतो, तो टाळणं बरोबर नाही. एका नातेवाइकानं तिथंच मला विचारलं, “भाई, हे सगळं जाहिलियतच्या जमान्याचं. मूर्तिपूजकांची देवळं आणि सापांची हाडं बघून आपल्याला काय मिळायचं?” मी त्याला इतकंच म्हटलं की, जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्यांचं काय झालं ते पाहा, हे कुरआनात एकदा नाही, अनेकदा आलं आहे. पाहायचं, तर जमीन उकरावी लागते. आणि जे पाहायला सांगितलं, ते फोडायला सांगितलेलं नाही. तो गप्प राहिला. पटलं असं तो म्हणाला नाही. मग आम्ही दोघं खालच्या गल्लीत उतरलो, जिथं दिलमुनचा रस्ता दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींसकट उघडा आहे, आणि त्यानंच मुलाला वर उचलून तट दाखवला.

बहारीन सरकारनं या जागेचा नामांकनाचा अर्ज दिला, तेव्हा त्यात दिलमुनच्या राजधानीचं आणि प्राचीन बंदराचं नाव पुढे केलं. २००५ मध्ये ती युनेस्कोच्या यादीत गेली, या देशाची पहिली जागतिक वारसा जागा. मुस्लिम देशानं आपला पहिला मान इस्लामपूर्व शहराच्या नावावर घेतला, आणि त्यावरचे इस्लामी थर पुसलेही नाहीत. २००८ मध्ये शेजारी संग्रहालय उघडलं. त्याच्या आत एक सात मीटर उंच भिंत टेकाडाच्या कापासारखी उभी केली आहे, थरावर थर दाखवणारी, आणि त्या भिंतीच्या कडेकडेनं चालत एकेका शहराच्या वस्तू पाहायच्या. तिथं मातीच्या वाडग्यातला साप पाहता येतो.

खरी चिंता वेगळीच होती, आणि अजून आहे. बहारीन हा समुद्रात भराव घालून वाढणारा देश. किल्ल्यासमोरच्या समुद्रात सोळाशे मीटरवर प्रवाळाच्या खडकांतून जहाजांसाठी मोकळा ठेवलेला खोल मार्ग आहे आणि त्याच्या काठी एका जुन्या बुरुजाचे अवशेष. हे शहर इथंच का वसलं, याचं उत्तर त्या पाण्यात आहे. बाकी किनारा उथळ. नोंदणीच्या वेळी भरावाचा एक मोठा प्रकल्प याच समुद्राकडे सरकत होता, म्हणून तो बुरूज आणि मार्गाची जागाही वारशाच्या हद्दीत घेतली गेली आणि किल्ल्यापासून तिथवरची नजर मोकळी ठेवायची अट आली. उत्तरेला दोन्ही अंगांना आता क्रेन आणि नव्या बेटांच्या इमारती दिसतात. मधला पट्टा रिकामा आहे. टेकाडाचा फक्त पाव भाग आजवर खणला गेलाय. उरलेला तसाच खजुराच्या बागांच्या कडेला पडून आहे, आणि त्यावरून लोक संध्याकाळी फिरायला जातात.